पडलेला विश्वासी पुन्हा उभा राहतो, म्हणजे नेमके काय होते?

एखादा नावाजलेला उपदेशक पैशांच्या किंवा अनैतिक संबंधांच्या प्रकरणात सापडला की बातमी चार दिवस चालते. मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, भांडणे त्यानंतर सुरू होतात. एक गट म्हणतो, 'देवाने क्षमा केली, विषय संपला.' दुसरा म्हणतो, 'असल्या माणसाला दारातही उभे करू नका.' बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही बाजू चमत्कारिक वाटतात. क्षमा इतकी स्वस्त असेल तर पापाला पाप म्हणायचे कशाला? आणि ती मिळणारच नसेल, तर वधस्तंभाचा एवढा महिमा गायचा कशासाठी?

बातमीत कधीच न येणाऱ्या साध्या विश्वासी माणसाचीही हीच अडचण असते. प्रार्थना सुटलेली, उपासना चुकवायला दर रविवारी नवे निमित्त, सोडलेली सवय पुन्हा लागलेली. आपले देवाशी नाते अजून उरले आहे का, हा प्रश्न तो कोणाला विचारतही नाही.

माझ्या मते बहुतेक गोंधळ एकाच कारणाने होतो. तीन वेगळ्या गोष्टी आपण एकच समजून बोलतो: देवाने पापाची क्षमा करणे, मंडळीने त्या माणसाला पुन्हा आपला म्हणून जवळ घेणे, आणि त्याची पूर्वीची जबाबदारी त्याच्याकडे परत सोपवणे. पहिली क्षणात होते. दुसरीला वेळ लागतो आणि माणसेही लागतात. तिसरी कधी होते, कधी होतच नाही. पाळकांच्या (पास्टरांच्या) तोंडी असलेला 'पुनःस्थापना' हा शब्द प्रामुख्याने दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. पण लोक तो ऐकतात आणि तिसरी गोष्ट समजतात.

## आधी पाहा: हे पतन आहे की थकवा?

प्रार्थनेत मन लागत नाही म्हणजे आपण पापात पडलो, असे अनेकांना वाटते. बायबल इतकी घाई करत नाही. पहिल्या राजे पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलिया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याच्या हाकेला आकाशातून अग्नी उतरला होता, आणि आता ईजबेल राणीच्या एका धमकीने तो पार खचला आहे. देव त्याला काय करतो? झोपू देतो. देवदूत त्याला उठवतो, तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घालतो. जाब विचारणे नाही, उपदेश नाही. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न पुढे येतो, चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगर गाठल्यावर.

म्हणून दुःख, आजारपण, झोप उडणे, महिनोन्‌महिने मनावरचे मळभ यांना सरसकट आध्यात्मिक अपयश म्हणू नये. अशा माणसाला पश्चात्ताप करायला लावणे ही चुकीच्या रोगावरची दवा झाली. त्याला विश्रांती, सोबत आणि गरज असेल तर डॉक्टर हवा. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एकही ओळ नाही, आणि तरी ते प्रार्थनांच्या पुस्तकात आहे.

पतन म्हणजे वेगळी गोष्ट: काय बरोबर आहे ते ठाऊक असताना उलट वागणे, आणि मग ते लपवणे. यातला दुसरा भाग जास्त घातक. दावीद राजाने बथशेबेशी व्यभिचार केला तो एका संध्याकाळी; पण तो झाकण्यासाठी तिचा नवरा उरीया याला लढाईवरून बोलावणे, दारू पाजणे आणि शेवटी त्याच्याच हाती त्याच्या मृत्यूचे पत्र देऊन परत पाठवणे, हा सगळा खटाटोप नंतरचा आहे. पुढे नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. राजा त्या गोष्टीतल्या श्रीमंतावर संतापला आणि तेव्हा नाथान म्हणाला, 'तो मनुष्य तूच आहेस.' तोवर दावीद निवांत राज्य करत होता. आपण पडलो आहोत हे पडलेल्याला बहुधा सर्वांत शेवटी कळते.

## एकाच रात्री पडलेले दोघे

येशूला ओळखत नाही म्हणणारा शिष्य पेत्र आणि पैसे घेऊन त्याला पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत यांची तुलना प्रवचनांत नेहमी होते. पेत्र मनापासून रडला, यहूदाला खरा पश्चात्ताप झाला नाही, असे सांगून ती उरकली जाते. मत्तयाचा २७वा अध्याय नीट वाचला तर हे इतके सोपे राहत नाही. यहूदाला पस्तावा झाला. त्याने तीस रुपये मुख्य याजकांकडे परत नेले. 'निर्दोष जिवाला धरून देऊन मी पाप केले,' असे तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला. कबुली आहे, पैसे परत करणे आहे, पापाला पाप म्हणणे आहे. कागदावर पाहिले तर पेत्रापेक्षा यहूदाची बाजू पूर्ण आहे.

उणे पडले ते इथे: त्याने ही कबुली ज्यांच्यापुढे दिली त्यांना त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते. 'आम्हांला त्याचे काय? तुझे तू पाहा,' एवढेच उत्तर मिळाले. तो एकटाच आला होता, एकटाच गेला आणि त्याने जीव दिला. (हा प्रसंग जीव देण्याच्या विचारांशी झगडणाऱ्या कोणालाही भीती घालण्यासाठी वापरू नये. मनात तसे विचार येत असतील तर आजच जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगावे.)

पेत्रही बाहेर जाऊन रडला. पण पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया मरीया धावत आली ती त्याच्याकडे आणि दुसऱ्या एका शिष्याकडे. म्हणजे मधल्या दिवसांत तो माणसांतून उठून गेला नव्हता, आणि बाकीच्यांनीही त्याला हाकलले नव्हते. मार्कच्या शुभवर्तमानात कबरेजवळचा तरुण स्त्रियांना निरोप देतो तो 'त्याच्या शिष्यांना व पेत्राला' सांगा असा. पेत्र शिष्यांतलाच होता, तरी त्याचे नाव वेगळे घेतले गेले.

मग योहानाचा २१वा अध्याय. मुख्य याजकाच्या वाड्यात थंडी होती म्हणून चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला होता, आणि त्याच वाड्यात, त्या शेकोटीच्या आसपास, पेत्राने येशूला तीनदा नाकारले होते. गालील समुद्राच्या काठी येशूनेही कोळशाचाच विस्तव केला आहे, त्यावर मासळी आहे, बाजूला भाकर आहे. आधी सगळे जेवतात. बोलणे त्यानंतर. तीन नकारांना तीन प्रश्न, आणि तिन्ही वेळा प्रश्न एकच: 'तू माझ्यावर प्रीती करतोस काय?' पहिल्या खेपेला 'ह्यांच्यापेक्षा' अशी पुस्तीही आहे, कारण 'बाकीचे सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही,' अशी बढाई पेत्रानेच मारली होती. आता तो तुलना करत नाही. 'प्रभू, तुला ठाऊक आहे,' एवढेच म्हणतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याला वाईट वाटते.

येशू काय विचारत नाही तेही पाहा. 'असे का केलेस?' नाही. 'पुन्हा करणार नाहीस ना?' तेही नाही. प्रत्येक उत्तरामागून एक काम मात्र येते: 'माझी कोकरे चार', 'माझी मेंढरे पाळ', 'माझी मेंढरे चार'. आणि लगेच पुढच्याच ओळींत पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याबद्दल 'ह्याचे काय?' विचारतो आणि 'तुला त्याचे काय? तू माझ्यामागे ये,' असे ऐकून घेतो. पुन्हा उभा केलेला माणूस दोन मिनिटांत पुन्हा बोलणी खातो, हे योहानाने गाळले नाही याचे मला नेहमी बरे वाटते.

## क्षमा क्षणात मिळते, मग एवढा वेळ कशाला?

हाड मोडल्यावर काय होते ते आठवा. डॉक्टर ते जागेवर बसवतो, त्याला काही मिनिटे लागतात. त्यानंतर काही आठवडे प्लास्टर, मग व्यायाम, मग हळूहळू भार टाकणे. पहिल्याच दिवशी प्लास्टर काढून धावणारा माणूस डॉक्टरवर फार मोठा विश्वास दाखवतो असे कोणी म्हणणार नाही. उलट, हाड बसवलेच नाही तर तेही जुळते, पण वाकडे.

योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) म्हटले आहे की आपण पापे कबूल केली तर देव क्षमा करतो. त्यात वाट पाहायला लावणारी अट नाही. दाविदाने 'मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे' म्हणताच नाथानाने 'परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे' असे सांगितले. पण त्याच दमात परिणामही सांगितले. मूल गेले. पुढे अम्नोन आणि अबशालोम या मुलांमुळे घरात रक्त सांडले. क्षमेने परिणाम पुसले गेले नाहीत.

दाविदाच्या आधीचा राजा शौल यानेही 'मी पाप केले आहे' म्हटले होते, पण पुढे जोडले, 'तरी माझ्या लोकांच्या वडील जनांसमोर माझा मान राख.' कबुली खरी की खोटी याची मला माहीत असलेली सर्वांत सोपी कसोटी हीच: कबुली देताना माणूस काय वाचवू पाहतो? ५१वे स्तोत्र शीर्षकानुसार दाविदाचे, नाथान येऊन गेल्यानंतरचे. त्यात तो गादी, नाव किंवा सैन्य यातले काहीच मागत नाही. शुद्ध हृदय आणि तारणाचा हरवलेला आनंद मागतो. ('तुझ्याविरुद्ध, तुझ्याचविरुद्ध मी पाप केले' ही त्यातली ओळ मात्र वाचताना खटकते. मग उरीयाचे काय? भाष्यकार सांगतात की प्रत्येक पाप शेवटी देवाविरुद्धच ठरते. पटते, पण उरीयाचे नाव दाविदाने एकदा तरी घ्यायला हवे होते असे वाटत राहते.)

## 'दाखला' घेतलेल्यांचे काय करायचे?

हा वाद आजचा नाही. इ.स. २४९च्या अखेरीस किंवा २५०च्या सुरुवातीस रोमी सम्राट डेसियस याने हुकूम काढला की साम्राज्यातील लोकांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. असे काही दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. त्यांची भाषा थेट सरकारी अर्जाची: मी नेहमीच बळी देत आलो, आताही तुमच्या देखत दिला, प्रसाद चाखला, तरी सही व्हावी. एका दाखल्यात अर्जदाराचे वय ७२ आणि उजव्या भुवईवर व्रण अशीही नोंद आहे.

हजारो ख्रिस्ती लोक या परीक्षेत कोसळले. काहींनी खरोखर बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ते मंडळीच्या दारात येऊन उभे राहिले. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या काळात स्वतः लपून राहिला होता, त्यामुळे त्याचीही बाजू नाजूक होती. २५१ साली तिथे परिषद भरली. नुसता दाखला घेतलेल्यांना चौकशी करून परत घ्यावे, बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त करत राहावे आणि त्यांना निदान मृत्युशय्येवर तरी संगतीत घ्यावे, असे ठरले. लवकरच नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा प्रायश्चित्त करणाऱ्या सगळ्यांनाच आत घेण्यात आले. रोममधला धर्मगुरू नोव्हेशियन याला हे अजिबात मान्य नव्हते. त्याने वेगळी चूल मांडली आणि त्याच्या मंडळ्या पुढे काही शतके टिकल्या.

३२५च्या नायसिया येथील बिशपांच्या परिषदेने सम्राट लिसिनियसच्या काळात फारशी सक्ती नसताना विश्वास नाकारणाऱ्यांसाठी मुदतच आखून दिली: तीन वर्षे फक्त वचन ऐकणाऱ्यांत, सात वर्षे गुडघे टेकणाऱ्यांत, दोन वर्षे प्रार्थनेत सहभाग पण प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) नाही. एकूण बारा वर्षे. मरणाच्या दारात असलेल्याला मात्र प्रभुभोजन नाकारू नये, असाही नियम होता.

बारा वर्षे आज क्रूर वाटतात आणि ती परत आणावीत असे मी म्हणत नाही. पण त्या शिक्षेला शेवट होता आणि तो पहिल्या दिवशीच ठाऊक होता. आज मंडळीत कोणी घसरला तर कोणी मुदत सांगत नाही, कोणी औपचारिक शिक्षाही करत नाही. फक्त कुजबुज चालते, आणि ती पंधरा वर्षांनीही चालूच असते.

## 'म्हणजे पाप करायला मोकळे रान!'

हा आक्षेप मंडळ्यांना पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या काळातही होता. रोमकरांस पत्राचा ६वा अध्याय त्यानेच सुरू होतो: कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय? पौलाचे उत्तर ठाम नकाराचे आहे. जो पापाला मेला तो त्यात राहील कसा? क्षमेचा हिशेब आधीच करून पाप करणारा माणूस शौलासारखा काहीतरी वाचवत असतो, आणि असल्या हिशेबाला पश्चात्ताप म्हणत नाहीत. पश्चात्ताप म्हणजे दिशा बदलणे. वाईट वाटणे हा त्याचा एक भाग. जक्कया या जकातदाराने येशूला घरी घेतल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे जाहीर केले. त्याला कोणी अट घातली नव्हती.

## 'इब्री लोकांस पत्र तर अशक्य म्हणते'

नव्या करारातल्या या पत्राच्या सहाव्या अध्यायात खरेच लिहिले आहे की एकदा प्रकाश मिळून, स्वर्गीय दान चाखून जे पतन पावले त्यांना पश्चात्तापाकडे पुन्हा आणणे अशक्य. गंभीर वाचकाला हे वाचून धडकी भरते. काहींच्या मते हे खरे विश्वासी नव्हतेच. काही म्हणतात, विश्वासीही तारण गमावू शकतो हेच इथे सांगितले आहे. आणखी काही याला घडणे शक्य नसलेला, केवळ सावध करण्यासाठी दिलेला इशारा मानतात. मंडळ्यांमध्ये यावर एकमत नाही आणि होईल असे दिसत नाही. पण पत्राचा रोख स्पष्ट आहे: ख्रिस्तालाच सोडून देऊन दुसरीकडे तारण शोधणाऱ्यांना ते बजावते. सवयीपुढे हरून रडत परत येणाऱ्याबद्दल ते बोलत नाही. शिवाय त्याच अध्यायात थोडे पुढे लेखक वाचकांना म्हणतो की तुमच्याविषयी आमची याहून चांगली खात्री आहे.

पवित्र आत्म्याविरुद्धच्या, क्षमा नसलेल्या पापाचेही तसेच. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात शास्त्री येशूची कामे डोळ्यांनी पाहून ती सैतानाची आहेत असे म्हणत होते, तेव्हा हे शब्द आले. ते शास्त्री अजिबात घाबरलेले नव्हते. 'माझ्याकडून ते पाप झाले असेल का?' म्हणून ज्याची झोप उडते, तो त्यांच्या रांगेत बसत नाही.

## पुन्हा तेच झाले तर?

किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, हे विचारणारा पेत्रच होता. साताच्या सत्तरपट, हे उत्तर त्याला आधी इतरांसाठी मिळाले आणि नंतर स्वतःला लागले. कारण समुद्राकाठच्या त्या सकाळनंतर, पन्नासाव्या दिवसाच्या (पेंटेकॉस्टच्या) त्याच्या प्रवचनाने सुमारे ३,००० माणसे मंडळीत आल्यानंतरही, अंत्युखियात तो पुन्हा भीतीने घसरला. यरुशलेमेहून माणसे आल्यावर त्याने परराष्ट्रीय (यहूदी नसलेल्या) विश्वासी लोकांच्या पंगतीतून अंग काढून घेतले, आणि पौलाला त्याला तोंडावर सुनवावे लागले. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते नोंदलेले आहे. भीती ही पेत्राची जुनी दुखरी जागा होती. पुनःस्थापनेने स्वभाव एका फटक्यात बदलत नाही, आणि पौलाने सुनावले म्हणून पेत्राचे प्रेषितपणही गेले नाही.

## कबुली द्यायची कोणाला?

रोमन कॅथॉलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांत धर्मगुरूपुढे पापनिवेदन होते. वर्षातून एकदा तरी ते करावे, असे पश्चिमेकडच्या मंडळीत १२१५च्या लॅटरन परिषदेने ठरवले. प्रोटेस्टंट मंडळ्यांत कबुली थेट देवाजवळ. पण याकोबाचे पत्र 'एकमेकांजवळ पापे कबूल करा' म्हणते, आणि ही ओळ प्रोटेस्टंटांनी सोयीने मागे टाकली असे मला वाटते. सगळ्या मंडळीसमोर माइकवर बोलण्याची गरज बहुतेक वेळा नसते. तोंड बंद ठेवणारा आणि पुढच्या आठवड्यात 'काय चालले आहे?' असे विचारायला न लाजणारा एक माणूस पुरतो. पाप उघड, पुढाऱ्याचे आणि सिद्ध झालेले असेल तर गोष्ट वेगळी. तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र दोन-तीन साक्षीदार मागते आणि मग सर्वांसमक्ष दोष दाखवायला सांगते.

## आणि पद?

'दावीद राजा राहिला, पेत्र प्रेषित राहिला, मग आमच्या पाळकांनी काय घोडे मारले?' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. दावीद राजा होता, मंडळीचा अध्यक्ष (देखरेख करणारा पुढारी) नव्हता. मंडळीच्या अध्यक्षासाठी तीमथ्याच्या त्याच पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात वेगळ्या अटी आहेत: तो निर्दोष असावा आणि बाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे. पेत्र भीतीने कोसळला. त्याने हाताखालच्या माणसाचा फायदा घेतला नव्हता. जुन्या मंडळीला हा फरक कळत होता. विश्वास नाकारलेल्या बिशपाला सभासद म्हणून परत घ्यावे, बिशप म्हणून नाही, असे सिप्रियनचे मत होते. आणि अशा कोणाला नकळत दीक्षा दिली गेली असेल तर ते पद काढून घ्यावे, असे नायसियाने ठरवले.

जिथे कोणाचे शोषण झाले आहे किंवा पैसा खाल्ला गेला आहे, तिथे आधी पोलीस आणि कायदा. मंडळीची बैठक त्यानंतर. ज्याला इजा झाली त्याच्यावर 'तू क्षमा कर' म्हणून दबाव आणणे म्हणजे दुसऱ्याच्या हाडावरचे प्लास्टर स्वतःच्या सोयीसाठी काढणे. पदाचा निर्णय घेताना त्याचे म्हणणे शेवटी नव्हे, सर्वांत आधी ऐकावे.

'पण त्यांच्याकडे वरदान आहे, ते वाया जाईल,' हे शेवटचे अस्त्र असते. वरदान असेलही. पण व्यासपीठ लोकांच्या विश्वासावर उभे असते, आणि वरदान आहे म्हणून विश्वास आपोआप परत येत नाही. सभासद म्हणून परत आलेल्या माणसाला प्रभुभोजन आहे, संगती आहे, आजाऱ्याला भेटायला जाणे आहे, सतरंज्या घालणे आहे. एवढे त्याला पुरत नसेल आणि व्यासपीठच हवे असेल, तर पदाच्या प्रश्नाचे उत्तर त्यानेच देऊन टाकले आहे.